आमच्या गाडीची पाणसळ

आमच्या गाडीला पाणसळ नव्हती, कारण मी होते.

गाडी म्हणजे मोटारीच्या मागे आकड्याला अडकवून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत एक बिछाना, एक ओटा, दोघांना समोरासमोर बसून जेवता येईल एवढं टेबल आणि गॅसवर चालणारा एक फ्रिज, ज्याच्याविषयी पुढे सांगते. दरवर्षी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं ही गाडी घेऊन बाहेर पडतो. अशा गाड्या उभ्या करायची मैदानं असतात, पण त्यांतलं एकही मैदान सपाट नसतं. म्हणून गाडी लावली की पहिलं काम ती समतल करायची, नाहीतर झोपलेला माणूस सकाळपर्यंत भिंतीला जाऊन चिकटतो. इतर लोक त्यासाठी गवंड्यांकडे असते तशी पाणसळ वापरतात. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की त्यांचं काम झालं.

आमची पद्धत वेगळी होती. मोटार जोडलेली असतानाच हे एका बाजूच्या चाकाखाली फळ्या घालून डावं-उजवं उरकून घ्यायचे. मग चाकांना ठोकळे लावायचे, मोटार सोडवायची, आणि खरं काम सुरू व्हायचं. मी आत जाऊन बिछान्यावर आडवी व्हायची आणि डोळे मिटायची. हे बाहेर गाडीचं तोंड वर-खाली करणाऱ्या पुढच्या जॅकचा दांडा धरून विचारायचे, "आता कसं वाटतंय?" मी म्हणायची, अजून थोडं वर. दांडा फिरायचा. "आता?" अजून किंचित. "आता?" बस. मी बस म्हटलं की हे दांडा सोडून हात झटकायचे आणि आमची सुट्टी सुरू व्हायची.

यात लाड नव्हते. काही वर्षांपूर्वी माझा उजवा कान आजारी पडला आणि जाताना माझा तोल घेऊन गेला. तेव्हापासून बिछाना जरा इकडचा तिकडे झाला की मला सगळं छत फिरताना दिसतं. कानाच्या डॉक्टरांनी याला दुखणं म्हटलं, मी मात्र त्याची नोकरी करून टाकली. आमच्या अख्ख्या नात्यात गाडी सरळ आहे की नाही हे डोळे मिटून सांगणारी मी एकटी. आणि खरं सांगायचं तर एरवी घरात, दुकानात, हिशेबात, रस्त्यात सगळीकडे यांचं ऐकून घेणारी मी, त्या बिछान्यावर आडवी झाले की हे माझ्या शब्दाबाहेर दांडा तसूभर हलवत नसत. ती पाच-दहा मिनिटं मला वर्षभर पुरायची.

विचारायची सवय यांना धंद्याने लागलेली. आमचं चष्म्याचं दुकान आहे. मी फ्रेमी दाखवते, हे आतल्या खोलीत डोळे तपासतात. दिवसभर आतून एकच ऐकू येतं, हे बरं की आधीचं बरं, आणि आता कसं वाटतंय. मध्यंतरी आम्ही नंबर छापून देणारं यंत्र घेतलं. तरीही यांचं विचारणं थांबेना. एका घाईतल्या गिऱ्हाइकाने वैतागून म्हटलं, यंत्राने सांगितलंय ना, मग करा की तोच. तर हे म्हणाले, "चष्मा काय यंत्राला घालायचाय?" तो माणूस मुकाट्याने परत खुर्चीत बसला. इतक्या बायकांच्या डोळ्यांत हे रोज एवढ्या जवळून डोळे घालून बघतात, पण माझ्या मनात कधी वेडंवाकडं आलं नाही. मी स्वतःला फार समजूतदार बाई समजत होते.

मग त्या तळ्याकाठच्या मैदानावर ती आली.

आमची गाडी नुकतीच लावून झाली होती. मी आत आडवी, दांडा अर्ध्यात, आणि बाहेरून विचारणं एकाएकी थांबलं. मी दोनदा अजून थोडं म्हटलं. दांडा हलेना. मान उचलून खिडकीतून बघितलं, तर आमचे हे दांड्यावर हात ठेवून शेजारच्या जागेकडे बघत उभे. तिथे आमच्या दीडपट लांबीची गाडी येऊन थांबली होती आणि एक बाई एकटीच ती लावत होती. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, हातात कातडी मोजे. बरी होती दिसायला. बरी म्हणते, म्हणजे चांगलीच होती. तिने खाली उतरून जमिनीकडे एकदा बघितलं, दोन फळ्या टाकल्या, गाडी त्यांवर चढवली, ठोकळे लावले, मोटार सोडली, पाणसळ ठेवली, दांडा फिरवला आणि मोजे काढले. कुणाला विचारलं नाही की कुणी तिला काही सांगितलं नाही. मी अजून अर्ध्या दांड्यावर लटकलेलीच होते.

शेवटी यांना माझी आठवण झाली. आमचं अजून थोडं आणि बस उरकलं, पण हे हात न झटकताच तिकडे गेले. परत आले ते तिला घेऊनच. ती बांधकामावर क्रेन चालवते, असं यांनी मला दारातून सांगितलं, जणू मी बक्षीस द्यायला बसले होते. क्रेन ओझं उचलायला लागायच्या आधी तिचे चारही पाय समतल करावे लागतात, त्यात चूक झाली तर क्रेन आडवी होते, म्हणून बाईंचा हात बसलाय, वगैरे वगैरे. मी अजून बिछान्यावरच होते. आल्या-गेल्यासमोर आडवं असणं किती वाईट दिसतं ते त्या दिवशी कळलं. ती दारात उभी, हे तिच्या मागे, आणि मी केस विस्कटलेली, उशीवर कोपर टेकवून हसतेय.

तिने विचारून आमच्या ओट्यावर पाणसळ ठेवली. मग आतल्या जमिनीवर ठेवली. मग म्हणाली, गाडीचं तोंड बरंच वर आहे.

मला वाटलं, आता हे सांगतील. सांगतील, आमच्याकडे हिला विचारून करतात, ही बस म्हणाली म्हणजे बस. यांनी वाकून बुडबुडा बघितला आणि म्हणाले, खरंच की. मग बाहेर गेले आणि दांडा उलटा फिरवायला लागले. ती आत पाणसळीवर नजर ठेवून उभ्या-उभ्या सांगत होती, अजून, अजून, थांबा. मी त्याच गाडीत, त्याच बिछान्यावर होते, आणि मला कुणी काही विचारलं नाही. माझं काम माझ्या डोळ्यांदेखत दुसरीच बाई करत होती, आणि तेही उभ्याने.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मी तोवर फक्त वापरलं होतं, भोगलं नव्हतं.

आता फ्रिजचं. हा फ्रिज आमच्या संसाराला लागलेलं जुनं दुखणं होता. घरी अंगणात गाडी उभी असताना लावला की उत्तम चालायचा, बाहेर पडलो की दुसऱ्या दिवशी दूध नासायचं. हे तो तीन वेळा दुरुस्तीला घेऊन गेले. मिस्त्री दरवेळी त्याच्या दुकानासमोर गाडी लावून बघायचा, फ्रिज गार, मिस्त्रीही गार. क्रेनवालीने जाता जाता त्याचं कोडं सोडवलं. असले गॅसवरचे फ्रिज गाडी कललेली असली तर चालत नाहीत, एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध असं थंड होतं की हे कप हातात धरून नुसतेच बसले. म्हणाले, इतकी वर्षं आपण उगाच त्या मिस्त्रीला शिव्या दिल्या. खरं म्हणजे त्यांना म्हणायचं होतं की इतकी वर्षं आपण तुझं ऐकलं. तसं ते म्हणाले नाहीत. मलाच ऐकू आलं.

त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक वाक्य क्रेनवालीपासून सुरू व्हायला लागलं. क्रेनवाली म्हणते, गाडीच्या कोपऱ्यांचे आधाराचे पाय नुसते टेकवायचे असतात, त्यांच्यावर गाडी उचलायची नसते. क्रेनवाली म्हणते, ठोकळे आधी, मोटार नंतर. हे तर आम्ही पहिल्यापासून करत होतो, पण आता तेही क्रेनवाली म्हणत होती. माझ्या हातचा घास तोंडात असताना हे तिच्या पाणसळीचं कौतुक करत होते. मी आणखी वाढू का विचारलं, तर म्हणाले, बस. तो शब्द यांच्या तोंडून ऐकून मला रडूच यायचं बाकी होतं.

आणि माझं छत फिरत होतं. त्या समतल गाडीत, सगळ्या जगाच्या मते सरळ असलेल्या बिछान्यावर मी पाठ टेकली की कपाट डावीकडे निघायचं आणि निघतच राहायचं. आमच्या उशा गाडीच्या तोंडाकडे असतात. डोकं थोडं वर लागतं मला, हे तेव्हा लक्षात आलं. इतकी वर्षं मी बस म्हणत होते ते गाडी सरळ झाली म्हणून नाही, मला बरं वाटलं म्हणून. म्हणजे मी पाणसळ नव्हतेच. एक आजारी कान होते, आणि त्याच्यासाठी दर सुट्टीत दूध नासत होतं.

मग सांगायचं की नाही? सांगितलं तर काय होईल ते मला दिसत होतं. हे दांड्याकडे बघतील, थंड दुधाकडे बघतील, मग माझ्याकडे बघतील आणि समजुतीच्या आवाजात म्हणतील, अगं, तसं काही नसतं. आणि मनात म्हणतील, हिच्या पोटात दुखतंय. खरं म्हणजे पोटात दुखतच होतं. वाईट हे की मलाही नक्की सांगता येईना. घोंगावतोय तो कान की मत्सर, हे डोळे मिटून ओळखायची कला माझ्याकडे नव्हती. मी गप्प राहिले. उशा एकावर एक रचून बसल्या-बसल्या डुलक्या काढल्या आणि यांना सांगितलं की पुस्तक वाचतेय.

तिसऱ्या दिवशी तिने आम्हाला तिच्या गाडीसमोर चहाला बोलावलं. मी जाणार नव्हते, पण न जाऊन त्या दोघांना एकत्र बसू द्यायचं एवढी मी साधी नाही. ती पूर्वी मनोऱ्याच्या उंच क्रेनवर होती, तिथल्या केबिनमधल्या गोष्टी सांगत होती. वारा सुटला की वर सगळं कसं डुलतं, डुलताना खालच्या एका स्थिर खुणेकडे कसं बघत राहायचं, असं काहीबाही. हे खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. दुकानात गिऱ्हाइकाकडे बघतात तेवढ्याच लक्षाने, मला ते जास्त वाटलं. मी कपबशा उचलायला म्हणून झटकन उठले, मान वळवली, आणि तळं उभं राहिलं. कपबशा गेल्या आणि मी गवतावर बसले.

हे धावले. पण हात आधी तिचा पोचला. माझं डोकं धरून ती शांतपणे म्हणाली, समोरच्या खांबाकडे बघत राहा, दुसरीकडे बघू नका. मी बघितलं. खांब हळूहळू थांबला. तिने विचारलं, कधीपासून होतंय. मला खोटं बोलायचं होतं, पण डोकं तिच्या हातात होतं. मी म्हटलं, गाडी सरळ केली तेव्हापासून.

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, "अगं, मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "विचारलंत का?"

हे तडक उठून दांड्याकडे निघाले, गाडीचं तोंड परत वर करायला. माझा जीव एवढा सुखावला की चक्कर आली तेही बरंच झालं असं वाटलं. पण तिने यांना थांबवलं. म्हणाली, "बिछाना उचला ना, गाडी कशाला?"

झालं. तिच्या गाडीच्या पोटातून लाकडाच्या दोन उतरत्या पट्ट्या निघाल्या. तिने बिछान्याखालच्या फळीची रुंदी बघून त्या कापल्या, उशांच्या बाजूला गादीखाली सरकवल्या आणि मला झोपून बघायला सांगितलं. मी झोपले. मनापासून सांगते, छत फिरावं म्हणून मी वाट बघितली. मान इकडे केली, तिकडे केली. कपाट जागेवर, छत जागेवर, खाली फ्रिज समाधानाने घुरघुरतोय. इतकी छान मी कित्येक महिन्यांत झोपले नव्हते. दूधही थंड आणि डोकंही थंड, म्हणजे आता गाडी सरळ करायला माझी गरजच उरली नव्हती. माणसाने एक तर माझ्यावर उपकार करू नयेत, आणि करायचेच तर निदान त्यात थोडं चुकावं.

मी तिचे आभार मानले. आवाज बराच गोड निघाला असावा, कारण तिने माझ्याकडे जरा नीट बघितलं.

जायच्या दिवशी तिने यांना एक बोटभर पिवळी पाणसळ भेट दिली. पाठीला चिकटपट्टी होती. हे ती गाडीच्या तोंडावर, जॅकच्या बरोबर वर चिकटवून आले, आणि दांडा फिरवता फिरवता बुडबुडा कसा समोर दिसतो ते मला नेऊन दाखवलं. मी म्हटलं, फार सोयीचं झालं. तिने आम्हाला हात केला, मी पण केला. रस्ताभर मोटारीच्या मागच्या काचेतून गाडीच्या तोंडावरचा तो पिवळा ठिपका मला दिसत होता. हे पुढचा रस्ता बघत होते आणि मी मान वळवून, खांबाकडे बघावं तशी, त्याच्याकडे बघत होते.

पुढचं मैदान झाडीतलं होतं. यांनी फळ्या घातल्या, ठोकळे लावले, मोटार सोडवली. मी आत जाऊन ओट्याशी उभी राहिले आणि धुतलेली भांडी परत पुसायला घेतली. आडवी व्हायचं नाही असं मी रस्त्यातच ठरवलं होतं. बाहेर बुडबुडा आहे, दांडा आहे, माणूस आहे. माझी काय गरज? आता करकर आवाज येईल, मग थांबेल, आणि हे हात झटकत आत येऊन म्हणतील, बघ, एका मिनिटात.

आवाज आलाच नाही. मी दुसरं भांडं पुसलं. मग बाहेरून हाक आली, झोपलीस का?

मी म्हटलं, आहे ना बुडबुडा तुमचा, बघा त्याच्यात.

मग बिछान्यापाशी खिडकीवर टकटक झाली. काचेत यांचा चेहरा होता, घामाने चष्मा नाकावर घसरलेला. म्हणाले, "आत झोपायचं कुणाला आहे, बुडबुड्याला?"

आणि खिडकीतून निघून परत दांड्याशी जाऊन उभे राहिले.

मी हातातलं भांडं ठेवलं. हात पुसले. बिछान्यावर जाऊन आडवी झाले, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. खिडकीच्या कडेतून मला यांचं अर्धं डोकं आणि दांड्यावरचा हात दिसत होता. हात चालू झाला. विचारलं, आता कसं वाटतंय? मी म्हटलं, अजून थोडं वर. परत विचारलं. अजून. आणि मग एक क्षण असा आला की सगळं जागेवर आलं. गादीखाली तिच्या पट्ट्या होत्या, गाडी सरळ झाली होती, माझा कान गप्प होता. बाहेर बुडबुडा मधोमध आला असणार, यांच्या नाकासमोर. हात थांबला होता.

"आता?"

बस म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं.

"अजून थोडं वर," मी म्हटलं.

यांना बुडबुडा दिसत होता. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे यांनाही माहीत असावं. मी त्या हाताकडे बघत राहिले. मग यांनी दुसरा हात उचलला, तळवा त्या पिवळ्या ठिपक्यावर ठेवला, आणि दांडा फिरवला.

"आता?"

मी म्हटलं, अजून. माझी मलाच लाज वाटत होती आणि थांबवत नव्हतं. दांडा फिरला. तळवा जागेवरच होता. मी उशीवरून पायांकडे घसरायला लागले होते.

"आता?"

"बस."

यांनी दांडा सोडला आणि हात झटकले.

सकाळी दूध नासलं. यांनी भांड्याचा वास घेतला, बाहेर जाऊन ते झाडाच्या बुंध्याशी ओतलं, आत येऊन पाण्यात चहा टाकला आणि दोन कप टेबलावर ठेवले. टेबल कललेलं होतं, म्हणून माझ्या कपाला एका बाजूने हात लावून बसले. मला बिनदुधाचा चहा मुळीच आवडत नाही. मी तो संपवला आणि अजून मागितला.